फोटोचं हायपो, बैलाच्या शिरेत

मी दसारामच्या जोडीसमोर उभा राहून कागदावर दहापैकी आठ मार्क लिहीत होतो. तेवढ्यात डावीकडचा बैल, बदाम्या, पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर खाली बसला.

पोळ्याची दुपार होती. गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली सगळ्या जोड्या ओळीनं उभ्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. तोरणाखाली बैलानं गुडघे टेकल्यावर लोकांना जे वाटायचं तेच वाटलं. "नमस्कार केला गा बैलानं," असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. दसारामचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. मीसुद्धा खूश झालो आणि आठाचे नऊ केले. ही गोष्ट मी पुढं बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही, कारण मी त्या गावात सजवलेल्या जोड्यांचा परीक्षक म्हणून आलो असलो तरी पेशानं जनावरांचा डॉक्टर होतो.

नऊचा आकडा पुरा होईपर्यंत बदाम्या कुशीवर पडला. पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला, नाकपुड्या फाकवून तो हवा ओढू लागला. टाळ्या थांबल्या.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी वरठीचा. नागपूरला पशुवैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि पहिली नेमणूक मिळाली ती तुमसर तालुक्यात, सिहोरा-बपेऱ्याच्या बाजूला. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं औषधांच्या कपाटाचा विषय येणार आहे. दवाखान्यात मी आणि लांजेवार नावाचे ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे मदतनीस, असे दोघंच. लांजेवार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मी चुकलो तर ते मला लोकांदेखत कधी टोकत नसत, फक्त खाकरत. त्या दिवशी मी नऊ लिहिले तेव्हा ते खाकरले होते, हे मला नंतर आठवलं.

"सायेब, पान लागलं जी याले," दसाराम म्हणाला. म्हणजे साप चावला. मी पाय, ओठ, नाक तपासलं. सूज नाही, दाताची खूण नाही. पोट फुगलेलं नाही. मग मला यूरियाची शंका आली. धानाला खत देण्याचे दिवस होते आणि खताच्या पोत्याचं पाणी जनावरं पितात.

"यूरियाचं पोतं कुठं धुतलं?"

"धुतलंच नाई जी. पोतं तं घरात बांधून हाये."

मी विचार करत होतो, तेवढ्यात मारोतीबाबा पुढं आले. सत्तरी ओलांडलेले, गावातल्या जनावरांचे जुने जाणकार. माझ्याआधी गावाचे डॉक्टर तेच होते आणि माझ्या येण्यानं त्यांचं फार काही बिघडलं नव्हतं. त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि मी नको म्हणायच्या आत बदाम्याच्या कानाच्या टोकाला चीर दिली. जनावर असं अचानक पडलं की कान चिरून रक्त काढायचं, ही इकडची जुनी रीत. आम्हाला कॉलेजात शिकवलेलं की अशा अडाणी उपायांना ठामपणे विरोध करावा. मी ठामपणे तोंड उघडलं.

"रगत तं चोखट हाये," मारोतीबाबा बोटावर थेंब घेऊन म्हणाले. "कसं लालभडक हाये पाहा. मंग हा मरते काहून?"

माझं तोंड उघडंच राहिलं. मरायला टेकलेल्या, हवेसाठी तडफडणाऱ्या बैलाचं रक्त काळपट हवं होतं. मी मानेच्या शिरेत सुई घातली. शिरेतलं रक्त म्हणजे शरीरभर फिरून, प्राणवायू देऊन परत निघालेलं रक्त. ते नेहमी गडद असतं. बदाम्याचं लाल होतं, कुंकवासारखं. पापणीचा आतला भाग उलटून पाहिला, तोही लालगुलाबी.

इथं मला माझ्या अज्ञानाचा थोडा इतिहास सांगावा लागेल. बायोकेमिस्ट्री हा विषय मला कधी आवडला नाही. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं होतं, "सायनाइड काय करतं?" मी म्हणालो, "मारतं, सर." सर म्हणाले, "कसं?" मी गप्प. त्यांनी मला त्या विषयात नापास केलं, आणि पुन्हा परीक्षेला बसायच्या आधी 'सायटोक्रोम ऑक्सिडेज' हे नाव शंभर वेळा लिहून आणायला लावलं. मी ते एसटी स्टँडवर बसून लिहिलं आणि प्रत्येक ओळीला म्हणालो की खेड्यात बैलांना सुया टोचणाऱ्या माणसाला याचा काडीचा उपयोग नाही.

ते नाव आता पोळ्याच्या तोरणाखाली मला धडाधडा आठवलं.

शरीराच्या बहुतेक प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे बारीक कारखाने असतात, एकेका पेशीत शेकड्यानं. आपण खाल्लेलं अन्न तुटून तुटून शेवटी तिथं पोचतं आणि त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. कारखान्याच्या आतल्या पडद्यावर प्रथिनांची एक ओळ बसलेली असते. इलेक्ट्रॉन या ओळीत एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. सरकताना जी ताकद सुटते तिच्या जोरावर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि तलावात पाणी साठावं तसे तिथं साठतात. मग ते एका ठरलेल्या दारातून परत येतात आणि येता येता एक चाक फिरवतात. चाक फिरलं की एटीपी नावाची तयार ताकद बनते. पाय उचलायला, श्वास ओढायला, हृदय हलायला तीच लागते. या सगळ्याला ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशन म्हणतात. नाव उच्चारता आलं की निम्मे मार्क मिळत, असा आमच्या वर्गात समज होता.

प्राणवायूचं काम या ओळीच्या अगदी टोकाला. शेवटचं प्रथिन, म्हणजे माझं शंभर वेळा लिहिलेलं सायटोक्रोम ऑक्सिडेज, इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हवाली करतं आणि त्याचं पाणी होतं. सायनाइड येऊन या शेवटच्या प्रथिनाला चिकटतं. मग प्राणवायू घ्यायला कुणीच मोकळं नसतं. रक्त जसं लाल येतं तसंच लाल परत जातं. मारोतीबाबांच्या बोटावर जे दिसत होतं ते हे होतं.

पण धानाच्या मुलखात सायनाइड आणणार कोण?

"सकाळपासून याले काय काय खायाले दिलं?" मी विचारलं.

दसाराम बायकोकडे पाहू लागला. कौसाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. "पुरणपोळी नाई देल्ली अजून," ती म्हणाली. "हिरवी जेवारी देल्ली. सणाची म्हून कवळी कवळी कापून आणली. बदाम्याले लय आवडते. जोडीच्या चांदाच्या वाट्याची बी त्यानंच खाल्ली."

उत्तर मिळालं. दसारामच्या साडूनं काटोलकडून ज्वारीचं बियाणं आणून दिलं होतं, वैरण होईल म्हणून. दसारामनं ते बांधाच्या कडेच्या पट्ट्यात टाकलं. त्या वर्षी पावसानं मध्येच दडी मारली. धान कसंबसं तलावाच्या पाण्यावर तगलं, पण ज्वारी गुडघ्याखालीच करपली. मग चार दिवसांपूर्वी सर आली आणि बुडातून नवे लुसलुशीत फुटवे फुटले. दिसायला असा हिरवा चारा दुसरा नाही. पण करपून पुन्हा फुटलेल्या कोवळ्या ज्वारीत एक पदार्थ भरपूर असतो, आणि जनावरानं तो चावला की पोटात त्याचं सायनाइड होतं. ज्वारी पिकवणाऱ्या भागात हे शेतकऱ्याला पाठ असतं, तिथं अशा शेतात जनावर शिरू देत नाहीत. आमच्याकडची माणसं धानाची. साडूनं बियाणं दिलं, सोबतची सूचना द्यायची राहिली.

"चांदाला बाजूला घ्या," मी म्हणालो. "आणि उरलेली ज्वारी कुठं आहे?"

कौसाबाईनं वळून घरांकडे पाहिलं. "चार घरी वाटली जी. म्हटलं, सणाचं हिरवं त्यायच्या बी बैलायले भेटू दे. पूजा झाल्यावर देऊ म्हणत होते."

पोळा फुटल्यावर बैल घरी जातात आणि दारात त्यांची पूजा होते. म्हणजे पोळा फुटल्यावर अर्ध्या तासात या गावात आणखी चार जोड्या आडव्या होणार होत्या. मी काही म्हणायच्या आत कौसाबाईनं ताट मारोतीबाबांच्या हातात दिलं, पदर खोचला आणि ती घरांकडे पळाली. सणाच्या दिवशी दिलेली वस्तू परत मागायची, यापेक्षा लाजिरवाणं काम गावात दुसरं नाही. चार ठिकाणी तिला काय काय ऐकावं लागलं ते मला नंतर कळलं. "देल्लं परत नेतेस काय, कौसा? एवढी काय तंगी आली?" असं एका म्हातारीनं विचारलं. कौसाबाईनं पेंडी उचलली. चौथ्या घरी हौसेनं गोठ्यातल्या कालवडीला आधीच एक मूठ टाकली होती. हिनं कालवडीच्या जबड्यात हात घालून तो चारा बाहेर ओढला.

इकडे माझ्यापुढं औषधाचा प्रश्न. पुस्तकात दोन औषधं सांगितलेली, आणि आमच्या कपाटात दोन्ही नव्हती. इंडेंटमध्ये, म्हणजे वरच्या ऑफिसला पाठवायच्या मागणीपत्रात, मी ती कधी लिहिलीच नव्हती. धानाच्या मुलखात सायनाइडचं औषध मागितलं तर वरचे हसतील, असं वाटलं होतं. पहिलं औषध जवळपास कुठं मिळणं शक्य नव्हतं. दुसरं होतं सोडियम थायोसल्फेट. त्यातलं गंधक सायनाइडला जोडलं जातं आणि त्याचा निरुपद्रवी पदार्थ होऊन तो लघवीवाटे निघून जातो. एकट्या थायोसल्फेटनंही काम होऊ शकतं, वेळेत मिळालं तर.

मी ते नाव मोठ्यानं उच्चारलं असणार. कारण मागून आवाज आला, "हायपो पायजे काय साहेब तुमाले?"

रामटेके. सिहोऱ्याला बाजारात त्याचा छोटा फोटो स्टुडिओ होता आणि पोळ्याला तो गावोगाव जोड्यांचे फोटो काढत फिरायचा. गळ्यात कॅमेरा लटकत होता. फोटो धुताना शेवटी तो ज्या पाण्यात पक्का करतात, त्यात सोडियम थायोसल्फेटचे खडे टाकतात. फोटोवाले त्याला हायपो म्हणतात.

"तुला कसं माहीत?"

"डब्यावर लिहून रायते जी. सोडियम थायोसल्फेट. रोज वाचतो."

"किती आहे?"

"अर्धा डबा. पण आजचे समदे रोल त्याच्यावरच धुवाचे हायेत." मग त्यानं बदाम्याकडे पाहिलं. त्याचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसलेला होता.

आता माझे हात रिकामे होते आणि घड्याळ हातात होतं. बदाम्याचं डोकं लांजेवारांनी मांडीवर घेतलं होतं. मी ढोल थांबवायला सांगितले, कारण बैल जितका बिचकेल तितकी उरलीसुरली ताकद खर्च होणार. दसाराम माझ्याशेजारी उकिडवा बसला. या जोडीवर त्याची सगळी शेती होती.

"हवा तं ओढून राहिला तो," तो म्हणाला. "मंग गुदमरते काहून?"

तोंडी परीक्षेचा प्रश्न पुन्हा समोर आला होता. या वेळी गप्प बसायची सोय नव्हती.

"तू तलावाच्या पाळीवर मातीकामाला गेला होतास ना?"

"गेलो होतो जी. दोन सीझन."

"तिथं माती कशी वाहायचात?"

"ओळीनं उभे राहून. घमेलं या हातातून त्या हातात."

"आणि शेवटचा माणूस?"

"तो पाळीवर रिकामं करे."

"त्या शेवटच्या माणसाचे हात कुणी धरून ठेवले तर?"

दसारामनं थोडा विचार केला. "मंग त्याच्या मागचा भरलेलं घमेलं घेऊन उभा राहीन. त्याच्या मागचा बी. समदी ओळ उभी."

"बैलाच्या अंगात तेच झालंय. माती टाकायला पाळ आहे, म्हणजे हवा आहे. माणसं आहेत, घमेली भरलेली आहेत. शेवटच्याचे हात त्या ज्वारीनं धरलेत."

मारोतीबाबा आरतीचं ताट धरून ऐकत होते. "म्हून रगत लाल," ते हळूच म्हणाले. सरांना मी जे तीन वर्षांत सांगू शकलो नाही ते बाबांना दोन मिनिटांत कळलं. मला त्यांचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

रामटेके परत आला तोवर बदाम्याचे श्वास मोजण्याइतके कमी झाले होते. डब्यात काचेसारखे पांढरे खडे. खरं सांगायचं तर हे खडे फोटोसाठी बनवलेले, शिरेत टोचण्यासाठी नाहीत. असं केलं आणि बैल मेला तर तो ज्वारीनं मेला असं कुणी म्हणणार नव्हतं. अख्खं गाव बघत होतं आणि नोकरीला मला दोन वर्षंही झाली नव्हती. मी लांजेवारांकडे पाहिलं. ते खाकरले नाहीत.

बॅगेत डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या होत्या. वजनाचा अंदाज धरून खडे विरघळवले, कापसातून तीनदा गाळले, आणि मोठ्या सिरिंजनं मानेच्या शिरेत हळूहळू सोडले. सिरिंजमागून सिरिंज. दसाराम तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता.

पहिल्या दहा मिनिटांत काही झालं नाही. हे लिहायला एक ओळ लागते. मला ती दहा मिनिटं आजही पुरी आठवतात.

मग बदाम्यानं एक लांब श्वास घेतला. थोड्या वेळानं दुसरा. मी शिरेतून पुन्हा थेंबभर रक्त काढलं आणि मारोतीबाबांच्या बोटावर ठेवलं. त्यांनी ते उन्हात धरलं.

"काळवंडलं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गावातल्या माणसांनी रक्त काळं पडल्याच्या बातमीवर सुटकेचा श्वास सोडला. प्राणवायू वापरला जात होता. ओळ चालू झाली होती.

मग बदाम्यानं मान उचलली, कान फडफडवला, आणि उठण्याआधी पडल्या पडल्या भरपूर मुतला. लांजेवारांची पँट भिजली. सायनाइड लघवीवाटे जातं हे पुस्तकात होतंच. पोटात अजून ज्वारी होती, म्हणून उरलेलं हायपो पाण्यात कालवून नळीनं पोटात सोडलं. चांदालाही पाजलं, आणि त्या कालवडीलाही. रामटेकेचा डबा खडखडीत रिकामा झाला. त्यानं तो उलटा करून दाखवला आणि हसला.

दिवस मावळायच्या आत बदाम्या आपल्या पायांवर उभा होता. पाय लटपटत होते, एका शिंगाचं बेगड निघालं होतं, झुलीला माती लागली होती. पोळा तोवर फुटायचा राहिलेला. गाव थांबलं होतं. कौसाबाईनं पुरणपोळी आणली, मी अर्धीच द्या म्हणालो, तिनं एक दिली. मग रामटेकेनं जोडीचा फोटो काढला. दसाराम मध्ये, एका हाताला चांदा, एका हाताला बदाम्या, आणि मागं ताट घेतलेले मारोतीबाबा. ते ताट त्यांनी अजून खाली ठेवलं नव्हतं.

आठवड्यानं मी तुमसरला माझ्या वरच्या साहेबांना रिपोर्ट दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"औषध कुठल्या स्टोअरमधून घेतलं?"

"फोटो स्टुडिओतून, सर."

"आणि निदान? ब्लड टेस्ट कुठं केली?"

"मारोतीबाबांनी केली, सर. बोटावर."

साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलताना मला दिसले. "रिपोर्टमध्ये बोट लिहू नका," ते शेवटी म्हणाले. "आणि पुढच्या इंडेंटमध्ये दोन्ही औषधं लिहा." मी लिहिली. आली. त्यानंतर तिथं असेपर्यंत त्यांची मला एकदाही गरज पडली नाही, कारण कौसाबाईनं त्या पंचक्रोशीत ज्वारीचा फुटवा कुणाला कापू दिला नाही. लोकांना घमेल्याची ओळ ती माझ्यापेक्षा चांगली समजावून सांगायची.

तो फोटो रामटेकेनं मला बदलीच्या वेळी फ्रेम करून दिला. देतानाच म्हणाला, "साहेब, हा टिकाचा नाई. त्या दिवशीचे फोटो मी दुकानातल्या जुन्या, वापरलेल्या पाण्यात धुतले. नवीन हायपो नोतं." त्याचं खरं ठरलं. नीट पक्का न झालेला फोटो वर्षागणिक पिवळा होत जातो. आता माझ्या भिंतीवर त्यात दसारामचा फेटा तेवढा ओळखू येतो. बैल जवळजवळ गेलेच.

घरी येणारे विचारतात, हा डागाळलेला कागद कशाला लावून ठेवलाय? मी सांगतो की या फोटोचं हायपो बदाम्याच्या अंगात गेलं, आणि त्यावर त्यानं पुढं नऊ वर्षं नांगर ओढला. शिवाय त्या दिवशीचा मार्कांचा कागदही मी फ्रेमच्या मागं खोचून ठेवला आहे. कुणी गुडघे टेकले तर टाळी वाजवायच्या आधी त्याची पापणी उलटून बघावी, एवढंच मी त्यावरून शिकलो. नऊ मात्र मी खोडले नाहीत.